एक मिनिट बावन्न सेकंद

सोमवारी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी मार्लिस ट्वेट स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून शनिवारच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याची शेवटची दोन मिनिटं नवव्यांदा बघत होत्या. उजव्या हातात स्टॉपवॉच, कानामागे पेन्सिल, समोर लॅपटॉप आणि चौकटींचा कागद. आदल्या दिवशी हिवाळ्याच्या वेळेसाठी देशभरची घड्याळं तासभर मागे गेली होती. घरातली सातही घड्याळं त्यांनी चर्चला निघण्याआधीच लावून घेतली होती, ओव्हनचं धरून.

नवरा, आर्ने, मोज्यांवरच खाली आला. गोठ्यातल्या गाई विकल्या त्याला सतरा वर्षं झाली, पण पाचला जाग येते ती येतेच.

"अजून हरलेलेच आहोत का गं?"

"अजून हरलेलेच."

"मग अंडी टाकतो."

पडद्यावरचं घड्याळ १:५२ दाखवत होतं. ऑस्टरडाल कॉलेज वीस, पाहुणे सतरा. बॉल ऑस्टरडालच्या हातात, चार प्रयत्नांमधला पहिला. घड्याळ थांबवायला पाहुण्यांकडे एकही टाइमआउट उरलेला नाही. अशा वेळी काय करायचं हे ऑस्टरडालमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. क्वार्टरबॅकने, म्हणजे खेळ सुरू करून देणाऱ्या गड्याने, बॉल हातात घ्यायचा आणि गुडघा जमिनीला टेकवायचा. गुडघा टेकला की तो प्रयत्न संपतो, घड्याळ मात्र चालत राहतं, आणि पुढचा प्रयत्न सुरू करायला चाळीस सेकंद मिळतात. ते सगळे खाऊन टाकायचे. पुन्हा गुडघा, पुन्हा चाळीस. बघायला कंटाळवाणं, पण सामना खिशात.

शनिवारी कोच डेल राइनर्टने गुडघा टेकवायला सांगितलं नाही.

तो शेवटच्या वर्षाच्या पोरांचा निरोपाचा सामना होता, घरच्या मैदानावरचा हंगामातला शेवटचा. जेरेल हॅडनॉट हा टेक्सासमधल्या ब्यूमाँटहून आलेला पोरगा, चार वर्षं ऑस्टरडालसाठी बॉल घेऊन धावला. एका हंगामात हजार यार्ड पळालेला गडी इथे १९८८ नंतर झाला नव्हता. सामना संपत आला तेव्हा जेरेलचे नऊशे शहाण्णव झाले होते. पुढे आणखी दोन सामने होते, पण परगावी; घरच्या लोकांसमोर हजार व्हायची संधी हीच. हे कुणाच्या लक्षात आलंही नसतं. पण मैदानावर माइक असतो ऑर्व्हिल क्नुटसनकडे. ऑर्व्हिल आठवडाभर न्हावी आणि शनिवारी निवेदक, आणि दोन्हीकडे त्याचं तोंड सारखंच चालतं. तो माइकवरून म्हणाला, "मंडळी, हजाराला फक्त चार यार्ड!" स्टँडमधून आरोळी उठली, "चार! चार! चार!" कोचने बॉल जेरेलला दिला.

पहिल्यांदा तो तीन यार्ड गेला. दुसऱ्यांदा दोन यार्ड गेला आणि तिथे एका दांडग्या पोराचा खांदा त्याच्या कोपरावर बसला. बॉल सुटला. पाहुण्यांच्या पोराने तो उचलला आणि सरळ दुसऱ्या टोकाला नेला, म्हणजे सात गुण. चोवीस-वीस. पंचावन्न सेकंद उरले होते, त्यात काही झालं नाही. नियम असा, की बॉल जिथे सुटला तिथपर्यंतचे यार्ड धावणाऱ्याच्या नावावर जमा होतात. त्यामुळे ज्या धावेत सामना गेला त्याच धावेत जेरेलचे एक हजार एक झाले. अधिकृत तक्त्यात तसं छापलेलं आहे.

ट्वेटबाईंचा संबंध असा, की गुडघ्याचा हिशोब त्यांच्याकडे असतो.

गावातले अर्धे लोक त्यांना 'बाई' म्हणतात, कारण अडतीस वर्षं त्यांनी गावच्या हायस्कूलमध्ये बीजगणित शिकवलं. पण त्यांची घड्याळाशी ओळख त्याआधीची. १९६७ साली त्या सोळा वर्षांच्या होत्या. तेव्हा मुलींना कुठलाच संघ नव्हता आणि मुलांच्या संघाच्या बसमध्ये मुलींना बसू देत नसत. अपवाद एकच, गुण आणि वेळ टिपणारी गुणवहीची मुलगी. मार्लिसने गुणवही मागून घेतली. "खेळायला देणार नव्हतेच," त्या सांगतात. "निदान नक्की काय चाललंय ते मला आधी कळायचं."

निवृत्तीनंतर त्या कॉलेजच्या सामन्यांना अकराव्या रांगेत बसायच्या, स्टॉपवॉच घेऊन. एका शनिवारी तिथून त्या ओरडल्या, "गुडघा टेकव रे, डेल! दोन मिनिटं सहा सेकंदांच्या आत आहेस तू!" आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवायची सवय असलेला. खाली कोचने मान वळवून पाहिलं. सोमवारी तो त्यांच्या दारात उभा. "बाई, लोकांसमोर ओरडण्यापेक्षा वर केबिनमध्ये येऊन बसा, हेडसेट देतो." या गोष्टीला सात हंगाम झाले. त्यांना एक जाकीट आणि गाडी लावायला एक जागा मिळाली. त्यांनी संघाला एक कार्ड दिलं, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं. किती वेळ उरला, समोरच्याकडे किती टाइमआउट, आपला कितवा प्रयत्न. हिरवा रकाना म्हणजे गुडघा. लाल म्हणजे खेळत राहा. सात हंगामांत कार्ड एकदाही चुकलेलं नाही.

शनिवारी रकाना हिरवा होता. बाई हेडसेटमध्ये म्हणाल्या, "गुडघा." कोच म्हणाला, "हं." त्यांनी वहीत वेळ टिपली आणि पेन्सिल खाली ठेवली.

त्यांच्या मते त्यांची चूक झाली ती इथे. या भागात कुणी एक गोष्ट दोनदा सांगत नाही. एकदा सांगायचं आणि समोरच्याने ऐकलं असं धरून चालायचं. पुन्हा सांगितलं तर त्याला अडाणी समजल्यासारखं होतं. छपराला आग लागली तरी माणूस एकदाच सांगून कॉफी ओतायला लागेल. सामना जात असताना बाईंनी तो रिवाज पाळला.

सामन्यानंतर रेडिओवाल्याने कोचसमोर माइक धरला, तेव्हा कोच म्हणाला, "वेळेच्या हिशोबात वर काहीतरी गोंधळ झाला. आम्ही बघू ते." वर कोण बसतं, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीला एका शेजारणीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं हो असं, मार्लिस. वय झालं की."

"कुणाचं?" बाईंनी विचारलं.

आणि त्याच दुपारी चारला कॉलेजचा क्रीडासंचालक ग्रेग लुंड याचा फोन आला. लुंड बाहेरगावचा, बाईंच्या हाताखालून न गेलेला, त्यामुळे तो त्यांना नावाने हाक मारतो.

"मार्लिस, सात वर्षं खूप केलंत तुम्ही. या शनिवारपासून टॅब्लेटवर एक प्रोग्राम आणतोय आपण. तोच सांगेल कधी काय करायचं. तुम्ही आता आरामात सामना बघा."

"प्रोग्राम गुडघा म्हणाला आणि कोचने ऐकलं नाही, तर?"

"उद्या जेवणानंतर बोलू," लुंड म्हणाला.

म्हणजे बाईंच्या हातात सोमवारच्या जेवणापर्यंतचा, कोच सगळ्या गावासमोर बोलतो तिथपर्यंतचा, वेळ होता.

आर्नेने अंडी पुढ्यात ठेवली. "काय करणार आहेस?"

"गणित घालणार आहे."

"देवा," आर्ने म्हणाला. "कुणाला?"

"आधी एकाला. मग सगळ्यांना."

साडेसातला त्या कॉलेजात डेल राइनर्टच्या खोलीत पोहोचल्या. कोच चोपन्न वर्षांचा, रुंद, दोन दिवस दाढी न केलेला. १९७९ साली त्याने बाईंकडे बीजगणित केलं होतं. श्रेणी, बी वजा. त्यांना बघून तो खुर्चीतून उठला.

"बसा ना, बाई."

"उभीच बरी आहे. तू रेडिओवर काय म्हणालास?"

"तो माइक तोंडाशीच घेऊन आला हो. निघून गेलं तोंडातून."

"निघून गेलं ते परत आण."

"बाई, पोरासाठी केलं मी. चार वर्षं राबला तो. तीन सामने मोडक्या अंगठ्याने खेळला. चार यार्ड काय, दिले असते..."

"त्याचे एक हजार एक झाले. विचारलंस त्याला, कसं वाटतंय?"

"काल व्हिडिओ बघायला आला नाही तो. फोन उचलत नाही."

भिंतीवर पांढरा फळा होता, त्यावर खेळाचे बाण आणि गोल काढलेले. बाईंनी एक कोपरा पुसला आणि लिहिलं: ११२. मग मार्कर त्याच्यापुढे धरला. "कर."

"बाई, नको ना."

"एकशे बारा सेकंद. गुडघ्याला दोन. मग एकोणचाळीस जाऊ द्यायचे, एक सेकंद हाताशी ठेवायचा. कर."

चोपन्न वर्षांच्या कोचने फळ्यावर वजाबाकी केली. एकशे दहा. एकाहत्तर. एकोणसत्तर. तीस. तिसऱ्या गुडघ्याला अठ्ठावीस. तिथे तो थांबला.

"पुढे?"

"पुढे काही नाही. अठ्ठावीस उरतात आणि माझ्याकडे चाळीस आहेत. संपलं."

"हे तुला शनिवारी येत होतं की नाही?"

"येत होतं."

"मग गोंधळ वर झाला की खाली?"

कोचने मार्करला टोपण लावलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणीतरी व्यायामाचे लोखंडी गोळे आपटत होतं.

"अजून एक," बाई म्हणाल्या. "या हंगामात सरावात गुडघा किती वेळा टेकवलात?"

"त्याचा कशाला सराव लागतो, बाई? गुडघाच तर टेकायचा."

"किती वेळा?"

"एकदाही नाही."

"जे कधी केलंच नाही ते शेवटच्या दोन मिनिटांत सुचत नाही, डेल. ज्याचा रोज सराव केलास तेच सुचलं तुला. बॉल पोराच्या हातात द्यायचा." त्यांनी हातमोजे घातले. "बाराला जेवायला येते मी. पहिल्या टेबलाशी बसेन. काय बोलायचं ते तुझं तू ठरव. पण पुन्हा गोंधळ म्हणालास, तर हे गणित मी तिथे करून घेईन. सगळ्यांकडून."

"धमकी देताय, बाई?"

"घरचा अभ्यास देतेय."

हंगामातल्या दर सोमवारी बाराला माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये गावाचं जेवण असतं. कोच शनिवारच्या सामन्याचा व्हिडिओ लावतो, लोक चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकतात आणि ऑर्व्हिल ते वाचतो. वाढायचं काम शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंकडे. हा रिवाज कधी सुरू झाला ते कुणी सांगू शकत नाही. संघ जिंकला की पोरांच्या पाठी थोपटून लाल होतात. हरला तरी ताटं वाढावीच लागतात.

त्या सोमवारी नव्वदेक लोक होते. एरवी पन्नास असतात. ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याच्या गोळ्यांचं हॉटडिश, घेवडा, आणि शेवटी लिंबाच्या वड्या. दारातच ऑर्व्हिलने बाईंना गाठलं.

"बाई, काल घड्याळ तासभर मागे घेतलंत ना? त्यातच शनिवारची दोन मिनिटं सुधारून घ्यायची होती!"

"तुझा माइकही मागे घ्यायचा होता, ऑर्व्हिल."

ऑर्व्हिलने घसा खाकरला आणि तो डबा घेऊन पुढे गेला.

जेरेल आला होता. पांढरा शर्ट, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, उजव्या कोपरावर काळानिळा डाग. तो एका वेळी एकच ताट आणत होता, दोन्ही हातांनी धरून. बाकीची पोरं तीन-तीन आणत होती. धान्याचं कोठार चालवणारा व्हर्न दुसऱ्या टेबलाशी बसला होता. जेरेल जवळ येताच तो मोठ्याने म्हणाला, "घट्ट धर रे बाबा, सुटेल!"

टेबलावरचे चौघं हसले. जेरेलने ताट व्हर्नसमोर ठेवलं, काटा नीट सरळ केला. "गरम आहे, सर. सावकाश."

"व्हर्न," बाईंनी पहिल्या टेबलावरून, मान न वळवता हाक मारली. "तो दोन हातांनी धरतोय. तू १९८४ साली एका हाताने स्वतःचा पेपर झाकायचास आणि शेजारणीचा बघायचास. तरी नापास."

आता सगळा हॉल हसला. "जाऊ द्या ना, बाई, नातवंडं आहेत इथे," व्हर्न पुटपुटला आणि त्याने हॉटडिशमध्ये डोकं घातलं.

साडेबाराला दिवे मंद झाले. कोचने शेवटची दोन मिनिटंच लावली. बाकीचा सामना बघायला कुणी आलंच नव्हतं. पडद्यावर बॉल सुटला तेव्हा खुर्च्या कुरकुरल्या. दिवे लागले. ऑर्व्हिलने डब्यात हात घातला, पहिली चिठ्ठी उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली.

"तिन्ही एकच आहेत," तो म्हणाला. "गुडघा का टेकला नाही?"

कोच माइकपाशी उभा होता. आधी त्याने पाहुण्यांच्या बचावफळीबद्दल सांगितलं. मग मैदान ओलं होतं, ते सांगितलं. मग म्हणाला, "आणि मी रेडिओवर बोललोच, की त्या वेळी हिशोबाच्या बाबतीत थोडं..."

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे बाईंचं चुकलं, असंच ना? सरळ सांगा की!"

बाई उठल्या. हॉलच्या कोपऱ्यात बिंगोचे आकडे लिहायचा मोठा कागदाचा फळा असतो. त्यांनी तो ओढत पुढे आणला. चाकाचा कर्रकर्र आवाज झाला, कुणी मदतीला उठलं नाही, कारण त्यांचा चेहरा बघून कुणाची हिंमत झाली नाही. त्यांनी लिहिलं: ११२.

"कुणाची चूक ते मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "एक गणित आहे. इथल्या निम्म्यांनी माझ्याकडे ते केलेलं आहे. एकशे बारातून दोन?"

बाईंनी मार्कर दुसऱ्या टेबलाकडे वळवला.

"व्हर्न."

"एकशे दहा."

"एकोणचाळीस गेले?"

"एकाहत्तर," तीनचार जण म्हणाले.

"दोन?"

"एकोणसत्तर." आता बऱ्याच जणांनी.

"एकोणचाळीस?"

"तीस!"

"तिसरा गुडघा. दोन?"

"अठ्ठावीस!" हॉल एका सुरात म्हणाला, आणि लगेच गप्प झाला, कारण पुढची वजाबाकी करायची गरजच नाही हे सगळ्यांना एकदमच दिसलं.

"म्हणजे हिशोब बरोबर होता," मागचा तोच आवाज म्हणाला, जरा हळू.

कोचने माइक तोंडाशी आणला, मग बाजूला ठेवला आणि तसाच बोलला. "बरोबर होता. बाईंनी वेळेवर गुडघा सांगितला होता. मी ते ऐकलं होतं. जेरेलला हजार मिळावेत म्हणून मी बॉल दिला. बॉल त्याच्या हातून सुटला, पण तेव्हा तो त्याच्या हातात असायलाच नको होता. ते माझं. आणि रेडिओवर मी खोटं बोललो."

क्रीडासंचालक लुंड भिंतीशी उभा होता, त्याने हातातली लिंबाची वडी परत ताटात ठेवली.

ऑर्व्हिल डब्यात बघत म्हणाला, "आणि भोंगा मी वाजवला. चार यार्ड, चार यार्ड. मी गप्प बसलो असतो तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं."

"गप्प बसला असतास?" व्हर्न म्हणाला. "केस कापून घेतलेत आम्ही तुझ्याकडे."

"तू कुठला शहाणा? चार-चार करून घसा बसला होता तुझा."

"मी नाही ओरडलो!"

"व्हर्न, मी तुझ्या पुढच्या रांगेत होतो," आर्ने मागून म्हणाला. "माझा हा कान तसाही गेलेला आहे. तुझ्यामुळे दुसराही गेला."

हसू ओसरेपर्यंत बाई उभ्याच राहिल्या. मग त्या कोचकडे वळल्या. "मला माफी नको. मला नियम हवा. शेवटच्या दोन मिनिटांत, रकाना हिरवा असेल, तर बॉल क्वार्टरबॅकशिवाय कुणाच्या हातात जाणार नाही. मी गुडघा म्हटलं की गुडघा. तिथे तुझं मत नाही, स्टँडचं नाही, माइकचं नाही."

"ठीक आहे, बाई."

"पुन्हा सांग."

कोच गोंधळला. या हॉलमध्ये कुणी कुणाला एक गोष्ट पुन्हा सांगायला लावत नाही. शेजारच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्याने तर चमचा खाली ठेवला.

"तुम्ही गुडघा म्हटलं की गुडघा," कोच म्हणाला.

"आणि मीही यापुढे दोनदा सांगणार आहे," बाई म्हणाल्या. "एकदा सांगून गप्प बसले, तेवढं माझं चुकलं."

त्यांनी कागद फाडला, घडी घालून पिशवीत टाकला आणि फळा जागेवर नेऊन ठेवला. या वेळी ढकलायला तिघं धावले.

लुंड दारापाशी त्यांच्याजवळ आला. "मार्लिस, त्या टॅब्लेटचं..."

"आणा की. कार्ड आणि टॅब्लेट दोन्ही सारखंच सांगतील. पण हेडसेट कुणाच्या कानात, ते बोला."

लुंडने हॉलकडे पाहिलं. नव्वद लोक कोट घालत होते आणि एकाचंही लक्ष कोटात नव्हतं. "तुमच्या," तो म्हणाला.

बाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"तुमच्या कानात," लुंड पुन्हा म्हणाला. शिकायला त्याला वेळ लागला नाही.

जेरेल मागे, धुवायच्या ताटांपाशी होता. बाई तिकडे गेल्या आणि पुसायचं फडकं उचललं.

"मिसेस ट्वेट, राहू द्या, आम्ही करतो."

"काल व्हिडिओला गेला नाहीस."

"मी बघितलाय तो. डोळे मिटले की दिसतोच." त्याने एक ताट पाण्यात बुडवलं. "ती हजार यार्डांची पाटी लावणार आहेत जिममध्ये. मी कोचना सांगणार आहे, नका लावू."

"ते तुझं तू बघ. माझं काम वेगळं आहे. गुडघा टेकताना क्वार्टरबॅकच्या मागे बारा यार्डांवर एक गडी एकटा उभा राहतो. माहितेय ना?"

"हो. काहीतरी गडबड झाली तर म्हणून."

"बॉल सुटला आणि समोरच्याने उचलला, तर त्याला धावून पाडायला. संघात सगळ्यात वेगाने पळतो तो तिथे लागतो. मी डेलला सांगितलंय, तिथे तू."

जेरेलचे हात पाण्यात थांबले. "म्हणजे बॉल मला मिळणार नाही."

"नाही. सगळं नीट झालं तर तू नुसता उभा राहशील आणि आपण जिंकू."

"आणि नीट नाही झालं तर?"

"तर शनिवारी बॉल उचललेल्या त्या पोराच्या मागे कोण होतं, आठव."

जेरेलने विचार केला. "कुणीच नव्हतं."

"म्हणून."

त्याने ताट विसळून त्यांच्या हातात दिलं. दोन्ही हातांनी. "उद्या याचा सराव किती वाजता?"

हंगामाचे दोन सामने उरले आहेत, दोन्ही परगावी. उद्या मंगळवारी सराव पावणेचारला सुरू होईल. सरावाच्या मैदानावर दिवे नाहीत, आणि नव्या वेळेनुसार उद्या सूर्य पाचला दोन मिनिटं कमी असताना मावळतो. त्यामुळे गुडघ्याचा सराव चार चाळीस ते चार सत्तेचाळीस, सात मिनिटं. जेरेल हॅडनॉट बारा यार्ड मागे उभा असेल, आणि स्टॉपवॉच ट्वेटबाईंच्या हातात असेल.